तीन बोल्टांचे सोवळे

रोड बाइक विकत घेतली की माणूस नकळत एका पंथात शिरतो, आणि पंथ म्हटला की सोवळे-ओवळे आलेच. कोल्हापूरपासून इचलकरंजी, जयसिंगपूर, कुरुंदवाडपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे उठून वळलेल्या हँडलच्या सायकली हाकणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्याबरोबर या पंथाचे नियमही आले, आणि त्यांतला सगळ्यांत कडक नियम पायडलचा. तो असा : रोड बाइकला तीन बोल्टांच्या मोठ्या प्लॅस्टिक क्लीटचेच क्लिपलेस पायडल लावावे (क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला बसणारा, पायडलच्या खटक्यात अडकणारा तुकडा). दोन बोल्टांची, तळव्यात दडलेली छोटी लोखंडी क्लीट, म्हणजे ज्याला सगळे एसपीडी म्हणतात ती, डोंगरातल्या सायकलींसाठी. रोड बाइकला एसपीडी लावणारा एक तर नवशिका, नाही तर चिकट. मोठ्या क्लीटमुळे ताकद जास्त उतरते, हलक्या पायडलमुळे वेग वाढतो, घट्ट पकडीमुळे पाय सुरक्षित राहतो आणि टूर द फ्रान्समधले झाडून सगळे तेच वापरतात. मग वाद घालायला उरले काय? असा हा युक्तिवाद. तो इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की नवा माणूस मुकाट्याने पैसे मोजतो आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर फरशीवरून घसरतो. या युक्तिवादातला प्रत्येक मुद्दा कुरुंदवाडच्या रस्त्यावर तपासला तर हाती काय उरते, ते पाहू.

आधी हे पायडल जन्माला का आले ते बघायला हवे, कारण पंथाला त्याचाच विसर पडला आहे. पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पायडलवर धातूचा पिंजरा बसवत, त्यात बुटाचे टोक घालत आणि वरून चामडी पट्टा आवळत. पाय पक्का बसे, पण बाहेर काढायचा तर आधी वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. १९७१ साली इटलीच्या चिनेल्ली कंपनीने एम ७१ नावाचे पायडल काढले. त्यात पट्टा गेला, पण कुलूप उघडायला पुन्हा हातच लागे, आणि पडणाऱ्या माणसाचा हात त्या क्षणी भलत्याच कामात असतो. ते पायडल चालले नाही यात नवल नाही. कोंडी फोडली फ्रान्सच्या लूक कंपनीने, १९८४ साली. ही कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणारे खटके बनवणारी, आणि त्या धंद्यातली सगळी अक्कल एका प्रश्नाभोवती फिरते : माणूस पडला की बूट सुटला पाहिजे, नाही तर पाय मोडतो. लूकने तेच तत्त्व पायडलला लावले. टाच बाहेर वळवली की पाय मोकळा. पुढच्याच वर्षी बर्नार इनोने हे पायडल वापरून आपली पाचवी टूर जिंकली आणि चामडी पट्ट्याचे दिवस भरले. म्हणजे या शोधाचे मर्म पाय सोडण्यात होते. धरायला पट्टा समर्थ होताच. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे ज्या कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोडी तयार करत, त्या गावाला हे नवे नाही. रिकिबीत पाय नुसता घट्ट बसला म्हणून कोणताही चाबूकस्वार तिला चांगली म्हणणार नाही. घोडा कोसळला तर पाय सुटतो की नाही, हे तो आधी बघेल. आपले सायकलपंथी मात्र पायडल घेताना पकड किती याचीच चौकशी करतात.

आता ताकदीचा मुद्दा. मोठी क्लीट म्हणजे मोठा पाट, मोठा पाट म्हणजे पायाची ताकद वाया न जाता पायडलवर उतरते, असे सांगतात. ऐकायला पटते, पण यात क्लीट आणि तळवा यांची गल्लत आहे. पायाचा दाब पसरवण्याचे काम क्लीट करत नाही, बुटाचा कडक तळवा करतो. तळवा वाकणारा असेल तर तीन बोल्टांची क्लीटही चवड्याखाली टोचेल, आणि तळवा ताठ असेल तर खालची क्लीट केवढी आहे हे पायाला कळणारसुद्धा नाही. दोन बोल्टांच्या बुटांतही नायलॉनपासून कार्बनपर्यंत ताठ तळवे मिळतात. चवड्याला आग होते म्हणून एसपीडीला शिव्या घालणाऱ्यांनी आधी बूट हातात घेऊन दोन्ही टोकांकडून वाकवून पाहावा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ज्यांना तरीही आधार हवा आहे त्यांच्यासाठी क्लीटच्या दोन्ही बाजूंना बुटाचा तळवा टेकेल असे रुंद अंगाचे एसपीडी पायडलही मिळतात. मग हा मुद्दा एवढी वर्षे जिवंत कसा? कारण दुकानात बूट वाकवून दाखवण्यापेक्षा क्लीट दाखवणे सोपे.

याच मुद्द्याला जोडून येतो तो पाय वर ओढण्याचा. क्लिपलेस पायडलने खाली दाबण्याबरोबर वर ओढताही येते, म्हणून दुप्पट काम होते, असे गणित मांडतात. प्रयोगशाळेत हे गणित केव्हाच फसले आहे. कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला लावून मोजले. पायडलवरचे बल कागदावर सुबक दिसू लागले खरे, पण तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा जास्त खर्च झाली. २०१६ साली स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी त्याहून साधा प्रश्न विचारला : धावण्याचे बूट आणि सपाट पायडल, तेच बूट आणि पट्ट्याचा पिंजरा, आणि कडक सायकली बूट व क्लिपलेस पायडल, या तिन्हींत एकसारख्या, मध्यम वेगाने सायकल चालवताना ऊर्जेचा फरक किती? उत्तर आले, काहीच नाही. यावर पंथातले अभ्यासू लोक दुसरा शोधनिबंध पुढे करतात. बर्न्स आणि क्रॅम यांच्या २०२० च्या प्रयोगात अंगातली सगळी ताकद लावून मारलेल्या स्प्रिंटमध्ये क्लिपलेस पायडलने सपाट पायडलपेक्षा सुमारे सोळा-सतरा टक्के अधिक शक्ती दिली. हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. पण या प्रयोगाने सिद्ध काय झाले? मोकळ्या पायापेक्षा अडकवलेला पाय स्प्रिंटला बरा, एवढेच. दोन बोल्ट विरुद्ध तीन बोल्ट हा सामना तिथे झालेलाच नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नावर चिकटवायचे आणि वर विज्ञानाचे नाव सांगायचे, याला काय म्हणावे? शिवाय स्प्रिंट मारायचा कुठे? शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे?

वजनाचा मुद्दा तर बेरीज-वजाबाकी येणाऱ्याने काढूच नये. शिमानोचे एम ५२० हे साधे, स्वस्त आणि दणकट एसपीडी पायडल जोडीला ३८० ग्रॅम भरते. त्याच कंपनीचे अल्टेग्रा दर्जाचे आर ८००० हे तीन बोल्टांचे पायडल २४८ ग्रॅम. फरक १३२ ग्रॅम. स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ऐंशी किलो धरले तर हा फरक एक टक्क्याच्या सहाव्या हिश्श्याइतका. तासाभराच्या चढणीवर यातून वाचतील सहाएक सेकंद. आणि चढण आहे कुठे? शिरोळ तालुका हा कृष्णा-पंचगंगेने घातलेल्या गाळाचा सपाट मुलूख. घाट हवा असेल तर पन्हाळा, गगनबावडा नाही तर आंबोली गाठावी लागते. सपाटीवर तर हे सहा सेकंदही मिळत नाहीत, कारण तिथे झगडा वाऱ्याशी असतो. १३२ ग्रॅम म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी. ज्याला तेवढेही सहन होत नाही त्याच्यासाठी शिमानोचेच ईएस ६०० हे एसपीडी पायडल २७९ ग्रॅमचे आहे; मग फरक उरतो एकतीस ग्रॅम, म्हणजे खिशातली किल्ली.

आता राहिला व्यावसायिक स्पर्धकांचा दाखला, आणि खरी मेख इथेच आहे. युरोपातला स्पर्धक बसमधून उतरतो, सायकलवर बसतो, बंद केलेल्या रस्त्यावर पाच-सहा तास चालवतो आणि शेवटची रेषा ओलांडून पुन्हा बसमध्ये चढतो. टायर फुटला तर मेकॅनिक धावत येतो, पाणी हवे तर गाडी शेजारी येते. त्याच्या बुटाला चालायचे काम नाहीच. त्याची क्लीट तळव्याबाहेर आलेली, गुळगुळीत, प्लॅस्टिकची असली तरी त्याचे काय बिघडणार? आता कुरुंदवाडहून निघालेल्या माणसाचा रविवार पाहा. पंचगंगेचा पूल ओलांडून नृसिंहवाडीत आला, की दत्तदर्शनाला थांबणे आलेच. सायकल लावायची, बाजारपेठेतल्या फरश्यांवरून घाटापर्यंत चालायचे, आणि त्या घाटाच्या पायऱ्या दगडी, बारा महिने ओल्या. खिद्रापूरला कोपेश्वर पाहायचा तर पुन्हा दगडी फरसबंदी. मध्ये चहा, मध्ये पंक्चर, मध्ये रस्त्याकडेला उतरून ट्रॉल्यांचा ताफा जाऊ देणे. बाहेर आलेल्या क्लीटवर माणसाची टाच खाली आणि चवडा वर राहतो. पुरा तळवा टेकत नाही, म्हणून तो दोन्ही हात पसरून बदकासारखा चालतो. ओल्या फरशीवर ते प्लॅस्टिक धरत नाही. रबरी टोप्या मिळतात म्हणे. त्या खिशात बाळगायच्या, प्रत्येक थांब्यावर चढवायच्या, उतरवायच्या आणि तिसऱ्या रविवारी एक हरवायची. दोन बोल्टांची क्लीट तळव्याच्या खाचेत आत बसते, भोवतीचे रबर जमिनीला टेकते, आणि माणूस माणसासारखा चालतो.

आणि ही सगळी कथा कोरड्या दिवसांतली. इथली जमीन काळी, चिकणमातीची. पावसाळ्यात शेताच्या बांधावर एक पाऊल टाकले तरी बुटाखाली पाव-अर्धा किलोचा गोळा तयार होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ज्यांनी हे रस्ते पाहिले त्यांना पाणी ओसरल्यावर डांबरावर उरणारा गाळ कसा असतो ते सांगायला नको. तीन बोल्टांच्या क्लीटचा सपाट पाट आणि पायडलचा सपाट पाट यांच्यामध्ये असा चिखल बसला की खटका लागत नाही. पायडलवर पाय आपटत बसावे लागते. गळिताच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, शिरोळचा दत्त कारखाना, टाकळीवाडीचा गुरुदत्त, हुपरीचा जवाहर यांच्या वाटा उसाच्या पाचटाने आणि पडलेल्या कांड्यांनी भरलेल्या असतात. एसपीडीचा जबडा मुळात चिखलासाठीच उघडा ठेवला आहे, घाण दोन्ही बाजूंनी बाहेर ढकलली जाते. तिच्या खाचेत कधी खडा अडकतो, हेही खरे. तो काडीने निघतो. मग मला सांगा, डोंगरातली म्हणून हिणवलेली वस्तू आपल्या रस्त्यांच्या जास्त कामाची, की बंद रस्त्यांवरच्या शर्यतीसाठी घडवलेली?

सुरक्षिततेच्या नावाने सांगितले जाते ते याहून विचित्र. एसपीडीतून पाय अवचित सुटतो, तीन बोल्टांतून सुटत नाही, असा दावा. एसपीडीच्या खटक्यावर एक बारीक स्क्रू असतो. तीन मिलिमीटरच्या षटकोनी चावीने तो फिरवला की पकड घट्ट किंवा सैल होते. स्क्रू नवा आला तसा सैल ठेवून सायकल चालवायची आणि पाय सुटला की पायडलला दोष द्यायचा, हा न्याय कुठला? नेहमीची काळी क्लीट, एसएच ५१, टाच बाजूला वळवल्याशिवाय सोडतच नाही. चंदेरी, एसएच ५६, नवशिक्यांसाठी अनेक दिशांना सोडते. दुकानदाराने दुसरी दिली असेल तर पहिली मागून घ्यावी. उलट तीन बोल्टांच्या प्लॅस्टिक क्लीटची पकड तिच्या कडांवर अवलंबून, आणि त्या कडा चालल्याने झिजतात. म्हणजे जिच्या पकडीची हमी देतात, ती पकड टिकवायची तर चालायचे नाही! लोखंडी क्लीटला चालण्याचे भय नाही. आणि चौकात काय होते? तीन बोल्टांचे पायडल एकाच बाजूने लागते. पाय काढला की ते मागून जड असल्यामुळे उभे लोंबते, आणि निघताना बुटाच्या टोकाने ते सरळ करून खटका लावावा लागतो. जयसिंगपूरच्या गर्दीत मागून एसटी हॉर्न देत असताना खाली पायाकडे बघत बसणे याला जर सुरक्षितता म्हणायचे असेल तर बोलणेच खुंटले. एम ५२० सारखी नेहमीची एसपीडी दोन्ही बाजूंनी लागते. पाय ठेवला की झाले. गुडघ्यांच्या बाबतीतही हीच तऱ्हा. शिमानोच्या तीन बोल्टांच्या क्लीट तीन रंगांत येतात : पिवळीत पायाला सहा अंश हलायची मोकळीक, निळीत दोन, तांबडीत शून्य. तांबडी लावणारा म्हणे पक्का. गुडघ्याला मात्र पक्केपणाशी कर्तव्य नसते. क्लीट एका अंशाने वाकडी बसली की तो महिन्याभरात कुरकुरू लागतो.

दुसरीकडे एक मंडळी आहे जी हा सगळा खटाटोपच नाकारते. पाय बांधायचाच कशाला, चप्पल घालून आजोबा कोल्हापूरला सायकलवर जात होते, असे ती म्हणते. या मंडळींशी माझे भांडण नाही. नृसिंहवाडीपर्यंत जाऊन परत येणाऱ्याने साधे पायडलच ठेवावे, आणि स्ट्रॉ-क्रॅमचा निष्कर्ष त्याच्याच बाजूचा आहे. पण लांबच्या पल्ल्याला हिशेब बदलतो. खोगिराची उंची मिलिमीटरमध्ये जुळवायची आणि पाय मात्र दर खड्ड्यागणिक पायडलवर पुढे-मागे सरकत ठेवायचा, यात विसंगती आहे. पावसात ओल्या पायडलवरून निसटलेला पाय नडगीला काय करतो हे अनेकांच्या नडग्यांवर लिहिलेले आहे. पाय एका जागी राहावा, आठव्या तासालाही तिथेच असावा, यासाठी क्लिपलेस घ्यायचे. जास्तीच्या ताकदीच्या आशेने घेऊ नये.

लांब पल्ल्याचाच दाखला घ्यायचा तर ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्यांचा, घ्यावा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० ला नव्वद तास अशी तिथली मुदत. घड्याळ थांबत नाही. जेवण, झोप, शिक्का घ्यायला टेबलापर्यंत चालणे, सगळे त्याच मुदतीत. या खेळातल्या मुरलेल्या माणसांच्या पायात दोन बोल्टांचे बूट सर्रास दिसतात. ही माणसे हौशी म्हणायची? की त्यांनी आपला दिवस कसा जातो हे पाहून पायडल निवडले? इचलकरंजीच्या पूजा दानोळेने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडियात सायकलिंगची सुवर्णपदके आणली; तिच्यासारख्या शर्यतीच्या खेळाडूला कोणी दोन बोल्टांचे पायडल सुचवणार नाही, मीही नाही. जिथे सेकंदाच्या हिश्श्यावर पदक ठरते आणि शर्यत संपेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नसतो, तिथे तीन बोल्ट शोभतात. पण पदकाच्या शर्यतीत उतरणारे किती, आणि तीन बोल्टांचा हट्ट धरणारे किती? स्पीडप्लेसारखे दोन्ही बाजूंनी लागणारे पर्यायही आहेत; त्यांची क्लीट महाग आणि मातीशी तिचे वाकडे, म्हणून आपल्या भागात त्यांचा फार विचार करण्याचे कारण नाही.

सगळे मुद्दे संपले की शेवटी एकच उरतो, तो सहसा उघड बोलला जात नाही : दिसते कसे? बारीक, चकचकीत रोड बाइकला ते ठेंगणे लोखंडी पायडल शोभत नाही. हे प्रामाणिक कारण आहे, आणि कोणी ते असेच सांगितले तर वाद मिटला. शोभेसाठी माणूस पैसे मोजतो, मोजू दे. फक्त त्याला ताकद, वेग आणि सुरक्षिततेची वस्त्रे नेसवू नयेत, आणि शेजारच्या नवशिक्याला तो धर्म म्हणून शिकवू नये. कुरुंदवाडच्या परिसरात, जिथे रस्ता सपाट, माती काळी, हंगाम उसाचा आणि प्रत्येक फेरीत चार वेळा उतरणे ठरलेले, तिथे रोड बाइकचे पायडल म्हणजे दोन बोल्टांचे, दोन्ही बाजूंनी लागणारे पायडल. तीन बोल्टांचे हा अपवाद, आणि अपवाद मागणाऱ्याने कारण द्यावे. बूट घेताना तो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावा, दुकानाच्या फरशीवर दहा पावले चालून पाहावा, तळवा वाकवून पाहावा. खटका पहिले काही आठवडे सैल ठेवावा. बसवताना डाव्या पायडलचा आटा उलटा असतो एवढे ध्यानात ठेवावे, आणि दोन्ही आट्यांना ग्रीस लावावे. नाही तर पुढच्या पावसाळ्यानंतर ते क्रँकमधून निघता निघणार नाही, मग बोल्ट दोन असोत की तीन.